बदलत्या तापमानासाठी मोटारसायकलचे जॅकेट कसे निवडावे : उष्णता संक्रमणाचा एक उपयोजित पाठ

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता याव्यात :

- चालत्या मोटारसायकलवर शरीरातून किती उष्णता जाते याचा ढोबळ हिशेब मांडणे
- थंडी, कोरडा उन्हाळा आणि दमट हवा या तीन परिस्थितींत जॅकेटचे काम वेगवेगळे का असते ते सांगणे
- दुकानात जॅकेट हातात घेतल्यावर काय तपासायचे हे ठरवणे

१. प्रस्तावना

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. जॅकेटची सक्ती नाही. त्यामुळे ते घालायचे की नाही हे शेवटी चालकाला किती आरामदायी वाटते यावर ठरते. मे महिन्यात उकडते म्हणून काढून पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेले जॅकेट अपघातात कोणाचेही कोपर वाचवत नाही. म्हणून जॅकेटच्या बाबतीत आराम ही चैनीची गोष्ट मानू नये. जे जॅकेट अंगावर राहते तेच संरक्षण देते. शिवाय थंडीने बधिर झालेली बोटे ब्रेकचा दांडा उशिरा दाबतात आणि उष्म्याने थकलेल्या मेंदूचे रस्त्यावरचे लक्ष उडते. म्हणजे तापमान स्वतःच अपघाताचे एक कारण ठरू शकते.

या पाठासाठी आपण जयपूरचे उदाहरण घेऊ. जयपूरच्या आग्नेयेकडे अरवलीच्या टेकड्यांना लागून झालाना हा भाग आहे. एका बाजूला कार्यालये आणि शिक्षणसंस्था, तर दुसऱ्या बाजूला बिबट्यांसाठी राखलेले जंगल. इथे जानेवारीत पहाटेचे सरासरी किमान तापमान सुमारे ८ °से. असते, तर मे महिन्यात दुपारचे सरासरी कमाल तापमान ४० °से.च्या पुढे जाते आणि लू सुटली की ४३-४५ °से.पर्यंत चढते. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे जमीन रात्री प्रारणाने झपाट्याने थंड होते. म्हणून हिवाळ्यात एकाच दिवसात पहाट आणि दुपार यांत १४-१५ अंशांचा फरक पडतो. सकाळी आठच्या तासाला निघालेला आणि दुपारी दोनला परतणारा विद्यार्थी एका दिवसात दोन ऋतूंतून गाडी चालवतो. नागपूर, जळगाव किंवा सोलापूरच्या विद्यार्थ्याला हे चित्र ओळखीचे वाटेल.

२. वारा नेमके काय करतो?

स्थिर हवेत उभ्या असलेल्या माणसाभोवती हवेचा एक पातळ, उबदार थर असतो. हा थर म्हणजे फुकटात मिळालेले पांघरूणच. स्थिर हवेत अभिसरणाचा गुणांक सुमारे ४ आणि प्रारणाचा सुमारे ५, असा एकूण ९ वॅट प्रति चौ.मी. प्रति अंश धरता येतो. याचा उष्णतारोध म्हणजे १ ÷ ९, साधारण ०.११ चौ.मी.·अंश प्रति वॅट.

आता ताशी ६० किमी वेग घ्या, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. हात हा १० सेमी व्यासाचा दंडगोल मानला तर रेनॉल्ड्स अंक सुमारे एक लाख येतो. आडव्या प्रवाहातल्या दंडगोलासाठीच्या नेहमीच्या सूत्राने नुसेल्ट अंक सुमारे २६० येतो आणि त्यावरून अभिसरण गुणांक सुमारे ६८ मिळतो. स्थिर हवेतल्या ४ च्या तुलनेत हा सतरा पट आहे. हवेच्या थराचा रोध ०.११ वरून ०.०१५ वर येतो, म्हणजे ते फुकटचे पांघरूण जवळजवळ उडून जाते.

हवामान खात्यांच्या ‘वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडी’च्या सूत्रानेही हेच दिसते. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रात ८ °से. आणि ताशी ६० किमी वारा घातला, तर जाणवणारे तापमान सुमारे २ °से. येते. मात्र त्या सूत्रातला वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो आणि चेहऱ्यापाशी तो त्याच्या दोन-तृतीयांशच राहतो असे गृहीत धरलेले असते. मोटारसायकलवर पूर्ण ६० चा वारा थेट चेहऱ्यावर येतो. म्हणून सूत्रात ९० घालणे अधिक योग्य, आणि तसे केल्यास उत्तर सुमारे १ °से. येते. हे सूत्र १० °से. किंवा त्याहून कमी तापमानासाठीच आहे. उन्हाळ्यात ते वापरू नये.

३. ऊब कशात असते : क्लो हे एकक

कपड्यांचा उष्णतारोध मोजण्यासाठी गॅगी, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये ‘क्लो’ हे एकक सुचवले. २१ °से. तापमानाच्या, जवळजवळ स्थिर हवेच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला ना थंडी ना उकाडा वाटू देणारे कपडे म्हणजे १ क्लो. १ क्लो = ०.१५५ चौ.मी.·अंश प्रति वॅट. पूर्ण सूट घातलेला माणूस साधारण १ क्लो अंगावर वागवतो.

स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२६ आहे. त्यावरून हिशेब केला तर फक्त ४ मिमी जाडीचा स्थिर हवेचा थर १ क्लो देतो. म्हणजे कापड स्वतः फारशी ऊब देत नाही. त्याच्या तंतूंमध्ये अडकून राहिलेली हवा ऊब देते. जयपुरी रजई वजनाला हलकी असूनही उबदार असते ती याच कारणाने. चांगला पिंजलेला कापूस भरपूर हवा धरून ठेवतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, अडकलेली हवा हलली की ऊब गेली. जाड लोकरीचा स्वेटर घरात उबदार असतो, पण गाडीवर वारा त्यातून आरपार जातो. पहाटे दूध घालणारे लोक स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्र ठेवतात, त्यामागचे शास्त्र हेच आहे. कागद वारा अडवतो आणि स्वेटर हवा धरतो. दोन्ही कामे वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात. दुसरा निष्कर्ष, अस्तर दाबले गेले की आतली हवा निघून जाते. म्हणून घट्ट जॅकेटाच्या आत कोंबलेला जाड स्वेटर अपेक्षेइतकी ऊब देत नाही.

४. सोडवलेले उदाहरण : थंडीत किती क्लो लागतात?

गाडी चालवणारा माणूस शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करतो. त्यातली सुमारे २० वॅट श्वासावाटे आणि न जाणवणाऱ्या घामावाटे जाते असे धरू. उरलेली ८० वॅट कपड्यांतून बाहेर गेली म्हणजे समतोल साधला. त्वचेचे तापमान ३३ °से. आणि वेग ताशी ६० किमी घेऊ.

एकूण रोध = (३३ − हवेचे तापमान) ÷ ८०
कपड्यांचा रोध = एकूण रोध − ०.०१५

| हवेचे तापमान | एकूण रोध | कपड्यांचा रोध | क्लो |
|---|---|---|---|
| ८ °से. | ०.३१ | ०.३० | सुमारे १.९ |
| १८ °से. | ०.१९ | ०.१७ | सुमारे १.१ |
| २८ °से. | ०.०६ | ०.०५ | सुमारे ०.३ |

आकडे ढोबळ आहेत, पण त्यांचा कल महत्त्वाचा आहे. पहाटे ८ आणि दुपारी २० च्या पुढे असा दिवस असेल तर गरज जवळजवळ निम्म्यावर येते, आणि २८ पर्यंत पोचली तर सहाव्या हिश्शावर. इतका फरक एकच जाड जॅकेट भरून काढू शकत नाही. थर कमी-जास्त करता येतील अशी रचना हेच त्याचे उत्तर आहे : बाहेर वारा अडवणारे मजबूत कवच, आत काढता येणारे उबदार अस्तर आणि अंगाला लागून घाम शोषून पुढे ढकलणारा पातळ बनियन.

फटींचाही विचार करा. उघड्या त्वचेतून ८ °से.ला सुरुवातीला ६८ × २५ म्हणजे १७०० वॅट प्रति चौ.मी. इतक्या वेगाने उष्णता जाते. झाकलेल्या भागाच्या ८० वॅटच्या तुलनेत हे वीस पटींहून अधिक आहे. मानेशी किंवा मनगटाशी राहिलेली तळहाताहून लहान फट तिच्या वीसपट मोठ्या झाकलेल्या भागाइतकी उष्णता घालवते. म्हणून आधी फटी बंद करा आणि मग जाडीचा विचार करा. हातमोज्याच्या आत बाही किंवा बाहीच्या वर हातमोजा, काहीही चालेल, पण मध्ये मनगट उघडे राहता कामा नये.

५. कोरडा उन्हाळा : जास्त वारा म्हणजे जास्त गारवा?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. हवा ४३ °से. आणि त्वचा ३५ °से. असेल तर उष्णता हवेकडून शरीराकडे वाहते. उघड्या, कोरड्या त्वचेवर ताशी ६० किमी वेगाने ६८ × ८ म्हणजे सुमारे ५४० वॅट प्रति चौ.मी. उष्णता आत येते. ऊन त्याशिवाय वेगळे. शरीर स्वतः जितकी निर्माण करते त्याच्या हे पाचपटींहून अधिक आहे. भट्टीसमोर पंखा लावल्यासारखाच हा प्रकार.

मग घामाचे काय? एक लिटर घामाचे बाष्पीभवन सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेते. तासाला एक लिटर घाम आला आणि तो पूर्ण वाळला तर जवळजवळ ६७० वॅट गारवा मिळतो. शोषण्याची हवेची क्षमताही पाहू. ३५ °से.च्या ओल्या त्वचेवरचा बाष्पदाब ५.६ किलोपास्कल असतो. ४३ °से. आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत तो फक्त १.७ असतो. फरक इतका मोठा आहे की शरीर जेवढा घाम देते त्याच्या कितीतरी पट घाम ही हवा पिऊन टाकेल. म्हणून इथे अडचण हवेची नाही, पाण्याची आहे. पूर्ण जाळीच्या जॅकेटात त्वचा क्षणात कोरडी पडते आणि मग गरम वारा शरीर तापवत राहतो. घाम दिसत नाही, त्यामुळे पाणी कमी होत असल्याचे लक्षातही येत नाही.

राजस्थानात लू चालू असताना लोक डोके आणि तोंड कापडाने गुंडाळून घेतात. विदर्भात दुचाकीवर निघताना दुपट्टा बांधतात. उष्ण हवेत अंग झाकणे हा उलटा वाटणारा उपाय वरच्या हिशेबाने बरोबर ठरतो.

पण पूर्ण बंद जॅकेटही चालणार नाही, कारण शरीराचे स्वतःचे १०० वॅट बाहेर पडायला वाट हवी. उपाय मधला आहे : आतला सुती बनियन ओला करा, वर मापाचे जॅकेट घाला आणि झरोके थोडेच उघडा. ओले कापड ज्या तापमानाकडे झुकते त्याला ‘आर्द्र गोळ्याचे तापमान’ म्हणतात. ४३ °से. आणि २० टक्के आर्द्रतेला ते सुमारे २४ °से. येते. खिडकीतला वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो, आणि जयपूर असो वा नागपूर, मे महिन्यात तो प्रत्येकाने अनुभवलेला असतो. ओला बनियन म्हणजे अंगावरचा कूलर. पूर्ण वाऱ्यात त्यातले पाणी वीस-पंचवीस मिनिटांत उडून जाईल. कवचाने वारा आवरला तर तेच पाणी कितीतरी जास्त वेळ पुरते. म्हणून साधा नियम असा : हवा ३५ अंशांच्या खाली असेल तर झरोके उघडा. कोरडी हवा ३७-३८ च्या पुढे गेली तर झरोके आवरा, आत ओलावा ठेवा आणि पाणी पीत राहा. डोके दुखू लागले, मळमळले किंवा घाम येणे थांबले तर ते उष्माघाताचे लक्षण समजून लगेच सावलीत थांबा, अंग ओले करा आणि वैद्यकीय मदत घ्या.

६. दमट हवा आणि पाऊस

हाच नियम मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत लावला तर फसेल. तिथे मे महिन्यात हवा ३३ °से. आणि आर्द्रता ७५ टक्के धरू. हवेतला बाष्पदाब सुमारे ३.८ किलोपास्कल होतो आणि त्वचेशी फरक फक्त १.८ राहतो, म्हणजे जयपूरच्या निम्म्याहून कमी. इथे घाम भरपूर आहे पण तो वाळत नाही. हवा त्वचेपेक्षा थंड असल्यामुळे जितका वारा तितका फायदा. ओला बनियन इथे निरुपयोगी आहे. किनारपट्टीला जाळीचे जॅकेटच योग्य.

पावसाळ्यासाठी विकली जाणारी ‘श्वास घेणारी’ पडदा-अस्तरेही बाष्पदाबाच्या फरकावरच चालतात. पडद्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाला अडवतात आणि वाफेला जाऊ देतात. पण वाफ बाहेर ढकलणारा जोर हवा : जयपूरच्या जानेवारीत तो सुमारे ५ किलोपास्कल मिळतो, तर कोकणातल्या जुलैत, २७ °से. आणि ९५ टक्के आर्द्रतेला, सव्वादोनच्या आसपास. म्हणून तिथे महागडे पडदा-अस्तरही आतून चिकट होते. शिवाय पडदा आतल्या बाजूला असेल तर बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते आणि वाऱ्यात वाळताना अंग गार पाडते. अशा ठिकाणी जॅकेटावरून घालायचा साधा रेनकोट अधिक उपयोगी पडतो. तो थंडीत वारा अडवण्याच्याही कामी येतो.

घाटातल्या प्रवासात उंचीचा हिशेब धरावा. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरते. वाईहून महाबळेश्वरला चढताना सहाशे मीटरच्या चढाला सुमारे चार अंश कमी होतात आणि त्यात धुक्याचा ओलावा असतो.

७. रंग आणि सिग्नल

दुपारचे ऊन सुमारे ९०० वॅट प्रति चौ.मी. धरा. काळे कापड त्यातले ९० टक्के शोषते, तर फिकट राखाडी साधारण ३५ टक्के. चालत्या गाडीवर वारा ही उष्णता लगेच नेतो : काळे कापड हवेपेक्षा सुमारे ११ अंशांनी तापते आणि फिकट सुमारे ४ अंशांनी. सिग्नलला थांबल्यावर गुणांक घसरतो आणि हा फरक अनेक पटींनी वाढतो. त्यामुळे महामार्गावर रंगाचा परिणाम कमी असतो आणि शहरात जास्त. शहरात रोजचे येणे-जाणे असेल तर फिकट रंग घ्यावा. संध्याकाळी तो इतरांना लवकर दिसतो, हा आणखी एक फायदा.

८. आरामासाठी संरक्षण सोडू नका

युरोपातल्या ईएन १७०९२ या मानकात कपड्यांचे एएए, एए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. एएए वर्ग घासण्याला सर्वांत जास्त टिकतो. बी वर्गात आघात झेलणारे संरक्षक नसतात आणि सी वर्ग फक्त संरक्षक जागेवर धरून ठेवण्यासाठी असतो. बहुतेक जाळीची जॅकेटे खालच्या वर्गात येतात. त्यातही खांदे आणि कोपर या जागी जाळी नसून सलग मजबूत कापड असेल असेच जॅकेट घ्यावे.

संरक्षकांसाठी ईएन १६२१ हे मानक आहे. खांदे-कोपरांच्या संरक्षकांवर ५० ज्यूलचा आघात करून पलीकडे पोचणारे बल मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर स्तर १, २० पर्यंत असेल तर स्तर २. पाठीच्या संरक्षकाला मर्यादा अधिक कडक आहेत : १८ आणि ९. आपल्या विषयाशी जोडलेली एक बाब अशी की मऊ संरक्षकांचे गुणधर्म तापमानानुसार बदलतात. म्हणून काही संरक्षकांची ४० °से. आणि उणे १० °से.लाही चाचणी घेतात आणि तसे चिन्ह त्यावर छापतात. मे महिन्यात फिरणाऱ्याने ४० अंशांचे चिन्ह जरूर पाहावे.

९. दुकानात काय तपासावे?

१. गाडीवर बसतो तसे बसून, हात पुढे करून पाहा. बाही मनगटावरून मागे सरकू नये आणि पाठ उघडी पडू नये.
२. कोपराचा संरक्षक हाताने फिरवून पाहा. तो सहज सरकत असेल तर जॅकेट सैल आहे.
३. मोजमाप अस्तरासह आणि अस्तराशिवाय, दोन्ही वेळा घ्या. दंडावर आवळायचे पट्टे असतील तर हा फरक भरून निघतो.
४. झरोके पुढे आहेत तसे मागेही आहेत का? हवा बाहेर जायला वाट नसेल तर पुढचे झरोके जॅकेट फुगवण्यापलीकडे काही करत नाहीत.
५. झरोक्याची चेन हातमोजा घालून उघडता-मिटता येते का?
६. अस्तर काढून ते सॅकमध्ये मावते का? मावत नसेल तर दुपारी ते अंगावरच राहील.
७. संरक्षकावर मानकाचा क्रमांक आणि स्तर छापलेला आहे का? नुसता फोमचा तुकडा म्हणजे संरक्षक नव्हे.

एकच जॅकेट परवडत असेल तर कोरड्या, विषम हवामानात झरोके असलेले कापडी कवच आणि सुटे अस्तर घ्यावे. किनारपट्टीवर जाळीचे जॅकेट आणि वरून रेनकोट घ्यावा. चामडे घासण्याला उत्तम टिकते, पण जड असते आणि उन्हाळ्यात सोसवत नाही. पैसे कमी पडत असतील तर अस्तरावर वाचवा, संरक्षकांवर नको. अस्तराचे काम घरचा स्वेटरही करतो.

१०. सारांश

थंडीत वारा अडवणे आणि हवा धरून ठेवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. कोरड्या उन्हाळ्यात गरम वारा आवरून ओलावा पुरवून वापरायचा असतो. दमट हवेत जास्तीत जास्त वारा खेळवायचा असतो. तिन्हींसाठी एकच उत्तम जॅकेट नाही. आपल्या गावचे तापमान, आर्द्रता आणि निघण्याची वेळ यांवरून निवड करावी लागते.

स्वाध्याय

१. वेग ताशी ९० किमी झाल्यास अभिसरण गुणांक सुमारे ९४ होतो. ८ °से.ला लागणाऱ्या क्लोमध्ये किती फरक पडतो? उघड्या मनगटातून जाणाऱ्या उष्णतेत किती? दोन उत्तरांमधील तफावत स्पष्ट करा.
२. आपल्या गावचे जानेवारी आणि मे महिन्यातले किमान-कमाल तापमान मिळवा आणि कलम ४ मधील तक्ता त्यासाठी तयार करा.
३. ३८ °से. आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर ओला बनियन उपयोगी पडेल का? बाष्पदाबाचा फरक काढून उत्तर द्या. (३८ °से.ला संपृक्त बाष्पदाब ६.६ किलोपास्कल.)
४. आपल्याकडील जॅकेट किंवा विंडचीटर घालून गाडीवर बसा आणि वारा शिरेल अशा सर्व फटींची यादी करा. त्यांतली प्रत्येक फट कमीत कमी खर्चात कशी बंद करता येईल?